घरच्या स्टुडिओसाठी पन्नास हजार: कुठे घालायचे, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातलं कुटुंब. मुलगी गाणं शिकते, अभंग आणि भावगीतं गाते. वडील पेटीवर साथ करतात, तबल्याला ओळखीतला एक मुलगा येतो. दहा बाय अकराची एक खोली मोकळी आहे, बऱ्यापैकी लॅपटॉप आहे आणि पन्नास हजार रुपये बाजूला काढलेत. दुकानदाराने दिलेल्या यादीत एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा), एकच माइक जोडता येईल असा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), स्पीकरची जोडी आणि भिंतीला चिकटवायचे फोमचे चौकोन आहेत. हे सगळं घ्यावं का?

घेऊ नका. यादीतलं काहीच टाकाऊ नाही, पण ती एकट्याने कॉम्प्युटरवर संगीत रचणाऱ्या माणसाची यादी आहे. तुमच्या घरात पेटीचा भाता आहे, डग्गा आहे, एकादशीला टाळही निघत असतील. हे सगळं खोलीतल्या हवेत वाजतं. त्यामुळे तुमचे पैसे तीन ठिकाणी जायला हवेत: दोन माइक घेणारा इंटरफेस, दोन वेगळ्या जातीचे माइक आणि खोली. स्पीकर आत्ता नकोतच.

इंटरफेसपासून सुरुवात करतो, कारण चुकीचा घेतला तर बदलताना सगळ्यात जास्त चुटपुट लागते. माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा आकड्यांत बदलणारी ही डबी. दुकानात बहुधा फोकसराइट स्कारलेट सोलो पुढे करतात. चांगली आहे, पण तिला माइक एकच जोडता येतो. दुसरं भोक गिटार किंवा कीबोर्डसाठी असतं. तुम्हाला गाणं आणि पेटी एकत्र घ्यायचीय किंवा तबला आणि डग्गा वेगळे घ्यायचेत, म्हणजे माइकची दोन भोकं हवीतच. स्कारलेट टू-आय-टू किंवा बेहरिंगरची यूएमसी २०२ एचडी बघा. बेहरिंगर खिशाला बरीच हलकी आणि या कामाला पुरेशी. तिच्याच घरातली यूएमसी २२ आणखी स्वस्त मिळते, पण ती १६ बिटांवर (आवाज किती बारकाईने मोजला जातो त्याचं माप) अडकते आणि तिलाही धड माइक एकच जोडता येतो. ती टाळा. १६ आणि २४ बिटांचा फरक कानाला सहज कळत नाही, मात्र रेकॉर्ड करताना हात सैल ठेवता येतो. १६ बिटांत जेमतेम ९६ डेसिबलची जागा असते, २४ मध्ये कागदावर १४४. म्हणजे आवाज जरा कमी पातळीवर घेतला तरी खालची खरखर वर येत नाही. आपल्या गाण्यात हे फार महत्त्वाचं. मंद्रातला आलाप आणि तार सप्तकातली पुकार एकाच ओळीत येतात.

आता खोली. नवीन माणूस इथे एक पैसा घालत नाही आणि नंतर वर्षभर माइकला शिव्या देतो.

आधी दोन वेगळ्या गोष्टी मनात वेगळ्या करा. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम. आतला आवाज भिंतींवर आपटून परत माइकमध्ये जाऊ न देणं हे दुसरं. पहिलं काम विटा, सिमेंट आणि फटी बुजवण्याचं आहे. ते पन्नास हजारांत होत नाही आणि फोमने तर कधीच होत नाही. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या फटीतून येणाऱ्या रिक्षाला तुमचा फोम दिसतसुद्धा नाही. त्यासाठी वेळ निवडायची. दुपारी दोन ते चार, नाहीतर रात्री उशिरा. कुकरच्या शिट्ट्या, पाण्याचा पंप, शेजारची मिक्सरवरची चटणी यांचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

दुसरं काम मात्र हातात आहे. रिकाम्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. मागून पत्र्यावर खडे पडल्यासारखा टणटण आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. इंचभर जाडीचा फोम ही टणटण घालवतो आणि माणूस खूश होतो. पण तो फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज पितो. खालचा गुबगुबीतपणा तसाच राहतो आणि गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं कोंदट लागतं. अंड्यांचे ट्रे याहून वाईट. ते जवळजवळ काहीच करत नाहीत, फक्त झुरळांची सोय होते.

गणित सोपं आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो, मग त्याच्या दुप्पट ११२, पुढे असंच. अकरा फुटांत ५१ आणि १०२. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ ची दोनदा भर पडते. पुरुषाचा काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा १३९ हर्ट्झच्या जवळ बसतो आणि डग्ग्याचा घुमारा त्याच्याही खाली उतरतो. म्हणून एखादी मात्रा बॉम्बसारखी येते आणि शेजारची मात्रा गायब होते, वाजवणाऱ्याचा हात तोच असूनही. इतक्या लांब लहरीला इंचभर फोम काय अडवणार?

यावर उपाय जाडी. कापसाच्या जुन्या गाद्या माळ्यावर असतील तर खाली काढा. दोन गाद्या दोन कोपऱ्यांत उभ्या, भिंतीला न चिकटवता तिरप्या ठेवा. खालचे स्वर कोपऱ्यातच साठतात. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट दार उघडून ठेवलं तर तेही आवाज पितं. जमिनीवर सतरंजी नको, जाड गालिचा हवा, शक्यतो खाली आणखी एक जुनी चादर. पाच-सहा हजार घालायची तयारी असेल तर सुताराकडून चार फूट बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी करून घ्या, त्यांत दोन इंच जाडीची, ४८ घनतेची (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलची, म्हणजे दगडी लोकरीची, पाटी बसवा आणि वरून सुती कापड ताणून मारा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावलं तर सगळं मुसळ केरात. चौकट भिंतीपासून तीन-चार इंच सुटी टांगा, म्हणजे तेवढ्याच रॉकवूलमध्ये आणखी खालचे स्वर पकडले जातात. रॉकवूल हाताळताना तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाज सुटते, आणि चांगली सुटते.

चौकटी टांगायच्या कुठे? बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात. हृदयाच्या आकाराने ऐकणारा माइक, म्हणजे दुकानात मिळणारे जवळजवळ सगळेच, पाठीमागून बहिरा असतो. त्याला ऐकू येतं ते गाणाऱ्याचं तोंड आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून पहिली चौकट, किंवा दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या, मुलीच्या पाठीमागे. दुसरी तिच्या एका बाजूला. मग जमलंच तर डोक्यावर. आणि तिला खोलीच्या मधोमध बसवू नका, तिथे काही खालचे स्वर एकदम पडतात. एका भिंतीपासून तिसऱ्या हिश्शावर बसवून ऐका, फूटभर पुढेमागे सरकवा. हे सरकवणं फुकट आहे आणि त्याने पडणारा फरक दहा हजारांच्या माइकपेक्षा मोठा असतो.

माइक दोन घ्या, एक कंडेन्सर आणि एक डायनॅमिक, म्हणजे वेगळी वीज न लागणारा दणकट माइक. कंडेन्सरसाठी ऑडिओ-टेक्निका एटी २०२० या पातळीचा कुठलाही नामांकित माइक चालेल. त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो, तो इंटरफेसवरच्या बटणाने मिळतो. बटण विसरून माइक बंद पडला म्हणून परत करायला येणारे दरवर्षी भेटतात. डायनॅमिकमध्ये शुअर एसएम ५७. तबला, पेटी, टाळ, प्रसंगी आवाज, सगळीकडे चालतो आणि हातातून पडला तरी मरत नाही. शुअरच्या माइकच्या नकला बाजारात भरपूर आहेत, ठोकळा अगदी हुबेहूब असतो, तेव्हा फार स्वस्त दिसला की समजा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत वायरी, कनेक्टर, स्टँड जरूर घ्या. माइक मात्र अधिकृत विक्रेत्याकडून, बिल आणि भारतातली वॉरंटी घेऊन.

डायनॅमिक माइकला खोली कमी ऐकू येते असं जो तो सांगतो. ते अर्धंच खरं आहे. डायनॅमिकमध्ये माणूस तोंड लावून गातो, म्हणून खोली मागे पडते. दोन्ही माइक एकाच अंतरावर ठेवले आणि त्यांची ऐकण्याची दिशा सारखी असली, तर खोलीचा वाटा जवळपास तेवढाच येतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीची घुमणी आहे तिथेच राहते. अंतर हेच खरं बटण.

मुलीच्या गाण्यासाठी अंतर एक वीत. याहून जवळ गेलं की माइक स्वतःहून खर्ज वाढवतो. भावगीताला कधी कधी तो गोडवा लागतो, तयारीच्या तानेला मात्र चिखल होतो. मराठीत प, फ, भ, ठ, ध यांचा वारा जबरदस्त सुटतो आणि अभंगात तर ‘पांडुरंग’ आणि ‘विठ्ठल’ यांच्याशिवाय पान हलत नाही. माइक तोंडासमोर नको. नाकाच्या उंचीवर ठेवून किंचित खाली वळवा, म्हणजे वारा त्याच्याखालून निघून जातो. वर जाळी हवीच. भरतकामाच्या लाकडी रिंगवर नायलॉनचा जुना मोजा ताणला की झाली जाळी. ती माइकपासून चार बोटं पुढे. विकतच्या जाळीहून ती कमी पडलेली मी पाहिलेली नाही.

पेटी जरा हट्टी वाद्य आहे. स्वर वरच्या झाकणातून निघतो, भात्याचा श्वास मागून आणि पट्ट्यांची खटखट समोरून. माइक भात्याच्या बाजूला कधीच नको. पेटीच्या वर दीड-दोन फुटांवर, वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्याकडून झाकणाच्या मध्याकडे बघणारा ठेवा. झाकण उघडं टाकलं तर तेज येतं पण खटखटही येते, म्हणून अर्धवट झाका. भात्यातून कुई कुई येत असेल तर आधी कारागिराला दाखवा. तो आवाज पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला धड काढता येत नाही.

तबल्याला एकच माइक ठेवायचा तर कंडेन्सर दोन फूट वर, दोन्ही वाद्यांच्या मध्यावर. हात चांगला असेल तर यातूनच छान आवाज मिळतो, कारण तबलजी तोल स्वतः राखतो. दोन माइक लावायचे तर तबल्याला कंडेन्सर, डग्ग्याला एसएम ५७. तबल्याचा माइक चाटेकडे, म्हणजे काठाकडे, वळवला की टोकदार ‘ना’ मिळतो, लवेकडे, म्हणजे चाट आणि शाईच्या मधल्या भागाकडे, वळवला की गोलाई येते. तीक्ष्ण वाटलं तर इक्वलायझरला हात लावायच्या आधी माइक दोन इंच फिरवून बघा. डग्ग्याचा माइक शाईच्या थेट वर आणू नका, मनगटाचा घिस्सा तिथेच घासतो. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना डग्गा अचानक पातळ वाटला तर एका ट्रॅकचं फेज उलटं करणारं बटण दाबा आणि भरदार वाटेल ते ठेवा.

आणि टाळ. टाळ एकाच खोलीत, एकाच वेळी वाजले तर ते सगळ्यांच्या माइकमध्ये घुसतात आणि गाण्यावर कायमचे बसतात. ते शेवटी, वेगळे, माइकपासून पाच-सहा फुटांवरून घ्या. कोरसचंही तसंच: घरातल्या चौघांना माइकपासून चार फुटांवर अर्धगोलात उभं करा, एकदा घ्या, जागा बदलून पुन्हा घ्या, दोन्ही एकावर एक ठेवा. मंडळ उभं राहतं.

एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ते व्हिडिओ पेटीवाल्यांसाठी नसतात. तुमची पेटी ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापात तंतोतंत लागलेली असेलच असं नाही. जुनी पेटी थोडी वर किंवा थोडी खाली असते आणि ती गाण्याच्या दिवशी काही बदलता येत नाही. तेव्हा सगळं पेटीला जुळवायचं. तानपुऱ्याचं यंत्र किंवा अॅप बारीक बटणाने पेटीच्या सा ला इतकं जुळवा की दोन्हींमधली थरथर थांबेल. तबला त्यावर लावा. अॅपमध्ये दिसणारा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे कोणी बासरी किंवा कीबोर्ड घालायला आला तर तो आकडा त्याला द्या. हे न करता सहा ट्रॅक भरले आणि सातव्याला सगळं बेसूर लागलं, तर दोष कोणाचा तेच कळत नाही. तानपुरा माइकने घेऊ नका. अॅपमधून फाईल काढून थेट सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि मिक्समध्ये फक्त जाणवेल इतका ठेवा.

क्रमही सांगतो. पहिल्यांदा तबला-अॅपच्या ठेक्यावर मुलगी आणि वडील दोघं मिळून एक कच्चं गाणं घ्या, चुका झाल्या तरी चालेल. ते कानात ठेवून खरा तबला. मग अॅपचा ठेका बंद. मग पेटी आणि सगळ्यात शेवटी नीट गाणं. अभंगात भजनी ठेका पुढे पुढे चढत जातो, त्याला यांत्रिक टिकटिकीवर बांधून टाकू नका. चढती लय हवी असेल तर कच्चं गाणंच खऱ्या तबल्यासोबत घ्या, तबलजीला दाराबाहेर पॅसेजमध्ये बसवून. दाराच्या फटीतून वायर जाते.

या सगळ्याला हेडफोन लागतात, बंद कपाचे, म्हणजे कानातला ठेका माइकमध्ये गळत नाही. ऑडिओ-टेक्निकाचे एम २० एक्स किंवा त्या भावातले दुसरे कुठलेही, दोन जोड. एका भोकाचे दोन करणारी स्वस्त जोडवायर घ्या. ब्लूटूथचे नकोत, त्यांतून आवाज मागाहून पोहोचतो आणि गाणारा ठेक्याच्या मागे पडत जातो. वायरच्या हेडफोनवरही कॉम्प्युटरमधून फिरून येणारा आवाज उशिरा वाटला तर इंटरफेसवरचं थेट ऐकण्याचं बटण दाबा. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, १२८ ठेवा. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला (आवाज सेकंदाला जितक्या वेळा मोजला जातो तो आकडा) तो तीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी होतो. येण्याजाण्याचा वेळ धरूनही गाणाऱ्याला टोचत नाही. मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ करा, नाहीतर लॅपटॉप धापा टाकेल.

सॉफ्टवेअरवर या घडीला पैसे घालवू नका. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण रूपात वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना साठ डॉलर. बहुतेकांना आयुष्यभर पुरतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा छोटा प्रोग्राम) टाका, वायफाय बंद करा आणि अपडेट आधी उरकून घ्या. २४ बिट, ४८ हजार ठेवा, कारण पुढे व्हिडिओ होणारच आहे. एका ट्रॅकचं मिनिट साडेआठ-नऊ एमबी घेतं, तेव्हा डिस्कची फार काळजी नको.

पातळी लावताना मुखडा गाऊन घेऊ नका. अंतऱ्यातला सगळ्यात वरचा, सगळ्यात मोकळा सूर लावायला सांगा आणि गेन (इंटरफेसवरचं माइकची पातळी वाढवणारं बटण) असा ठेवा की सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. गाताना उत्साहात माणूस आणखी चढतोच. लाल दिवा लागला की तो टेक गेला.

आता वीज. हेडफोनमध्ये सतत गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. गेली, तर चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये गोम आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा. तिसरी पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, शॉक माइकच्या जाळीतून थेट ओठाला बसतो. पंख्याचा रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवेही वायरींत किरकिर सोडतात. पंखा बंदच ठेवावा लागतो. एप्रिलमध्ये हे कठीण आहे, म्हणून एसी असेल तर खोली आधी थंड करा, टेकपुरता बंद करा.

सातारा म्हणजे पावसाळा आलाच. कंडेन्सर माइकला दमट हवा सोसत नाही, आत पाणी धरलं की तो चटचट फुटाणे फोडतो. जून ते सप्टेंबर काम झालं की माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्यांचा रंग उतरला की बदला. माइक स्टँडवर उघडा ठेवून निघून जाऊ नका.

हिशेब अंदाजे असा बसतो, भाव वरखाली होत राहतात. इंटरफेस दहा हजार, कंडेन्सर नऊ, एसएम ५७ दहा, हेडफोनचे दोन जोड आठ, आडवा दांडा असलेले दोन जड बुडाचे स्टँड तीन, पाच मीटरच्या दोन चांगल्या एक्सएलआर (माइकच्या) वायरी दोन, खोलीला सहा. अठ्ठेचाळीस झाले, उरलेल्यात जोडवायर आणि सिलिका जेल. स्टँडमध्ये काटकसर करू नका. हलका स्टँड कंडेन्सरच्या वजनाने हळूच झुकतो आणि अर्ध्या गाण्यात आवाज बदललेला असतो.

स्पीकर नाहीत हे तुम्हाला खटकेल. दहा बाय अकराच्या, अजून पुरती न सावरलेल्या खोलीत स्पीकर खर्जाबद्दल खोटं बोलतात, आणि जितका मोठा स्पीकर तितकं मोठं खोटं. सध्या हेडफोनवर मिक्स करा आणि तेच मिक्स फोनच्या स्पीकरवर, गाडीत आणि घरातल्या टीव्हीवर ऐका. फोनवर डग्गा ऐकूच येत नसेल तर तो नुसता वाढवू नका, त्यातला थापेचा वरचा आवाज थोडा उचला. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठा आवाज खाली आणून उणे १४ लफ्सच्या (गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं माप) आसपास बसवतात, म्हणून लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून गाणं चेपण्यात काही मिळकत नाही. पुढच्या वर्षी चार-सहा गाणी झाल्यावर, कोपऱ्यात आणखी दोन चौकटी उभ्या राहिल्या की पाच इंची स्पीकरची जोडी घ्या. तेव्हा खोलीची मापं आणि फोटो पाठवा, कुठे ठेवायचे ते सांगतो.